मांद्र्यात घर बांधू का? मुंबई–गोवा तीन तासांची गाडी माझ्या नोकरीच्या काळात येईल का?

मुग्धा_मांद्रे

नमस्कार. मी मूळची गोव्यातल्या मांद्र्याची. गेली नऊ वर्षं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करते. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात हजर राहावं लागतं, बाकीचे तीन दिवस घरून काम चालतं. आईबाबा गावी असतात. बाबा एकाहत्तरचे झाले. आजोबांनी मातीच्या भिंतींवर उभं केलेलं आमचं कौलारू घर आता थकलंय, यंदाच्या पावसात मागची भिंत चांगली वीतभर फुगली. गवंडी म्हणतो, डागडुजी पुरे झाली, चिऱ्यांचं नवीन बांधा. दिवाळीनंतर काम धरायचं तर चिरे आत्ताच सांगायला हवेत.

माझ्या बाबतीत घराचं सगळं गणित गाडीवर अडलंय. मी चौतीस वर्षांची आहे, म्हणजे अजून वीस-पंचवीस वर्षं नोकरी. तीन तासांत पोचवणारी गाडी आली तर मी मांद्र्यात राहून आठवड्याला एक फेरी सहज करीन. नाही आली तर घर बांधून त्याला कुलूप लावण्यात अर्थ नाही.

ऑफिसच्या खिडकीतून बुलेट ट्रेनच्या स्थानकाचा खड्डा दिसतो. क्रेन, लोखंडी सळ्यांचे भारे, खाली मुंगीएवढी माणसं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे उभी राहते आणि वाटतं, ही गाडी अहमदाबादऐवजी दक्षिणेला निघाली असती तर! जूनमध्ये आईला ताप भरला म्हणून तातडीने निघाले होते. रत्नागिरीच्या पुढे एका छोट्या स्थानकावर गाडी पन्नास मिनिटं उभी होती. बाहेर धो धो पाऊस, फोनला रेंज नाही, आणि खिडकीला नाक लावून मी समोरचा लाल दिवा बघत बसले. घरी पोचले तोवर आईला सलाइन लावून झालं होतं.

जाणकारांनी खरं काय ते सांगा. बुलेट ट्रेन, हायपरलूप (ती हवा काढलेल्या नळीतून धावणारी गाडी), आणखी काही, यातलं गोव्याला काय मिळणार आणि कधी?

मडगावकर_बाबू

मुग्धाताई, पहिली गोष्ट, हायपरलूप डोक्यातून काढून टाका. मुंबई–पुणे पंचवीस मिनिटांत म्हणून २०१८ साली किती गाजावाजा झाला होता! ती परदेशी कंपनी २०२३ च्या शेवटी बंद पडली. माणसं बसवून त्यांनी नेवाडाच्या वाळवंटात एकदा चाचणी घेतली होती, २०२० मध्ये, पाचशे मीटरच्या नळीत, ताशी १७२ किलोमीटर. तेवढा वेग तर आपल्या साध्या रुळांवरही चाचणीत निघालाय.

आम्हा मडगावकरांना या गोष्टींची भीती वाटते, कारण आम्ही एक स्वप्न जवळून पाहिलंय. स्कायबस आठवते का कोणाला? स्टेशनाजवळ खांबांवर रूळ आणि खाली लटकणारा डबा, दीडेक किलोमीटरची चाचणीची लाइन. मी तेव्हा बारावीला होतो, सायकल थांबवून बघायचो. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात झाला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. मग कितीतरी वर्षं ते खांब तसेच उभे होते, शेवटी काढून टाकले. त्या खांबांखालून मी दहा वर्षं कामाला गेलो आहे.

तुम्हाला आज उपयोगी पडेल असा मार्ग विमानाचा. मोपाचा विमानतळ तुमच्याच तालुक्यात आहे, २०२३ च्या जानेवारीपासून चालू. हवेत सव्वा तास. पण घरून निघणं, दीड तास आधी पोचणं, मुंबईत उतरून ऑफिस गाठणं, सगळं धरा, साडेचार-पाच तास होतात. आणि चवथीला तिकिटाचे दर बघून डोळे पांढरे होतात. दर आठवड्याला परवडेल का, ते तुम्हीच ठरवा.

डिचोलीकर_योकोहामा

मी मूळचा डिचोलीचा, अकरा वर्षं जपानात आहे. महिन्यातून दोनदा शिंकान्सेनने, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनने, ओसाकाला जातो, म्हणून लिहितो.

तोक्यो ते ओसाका ५१५ किलोमीटर. मडगाव–मुंबईपेक्षा थोडं कमी. १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी सुरू झाली तेव्हा चार तास लागायचे, वर्षभरात तीन तास दहा मिनिटांवर आली. आज सगळ्यात जलद गाडी अडीच तासांच्या आत पोचवते, वेग ताशी २८५. एवढ्या वर्षांत गाडी घसरून किंवा धडकून एकही प्रवासी गेलेला नाही. पण हे कशामुळे होतं, ते लोक सांगत नाहीत. त्या रुळांवर दुसरं काहीच धावत नाही. मालगाडी नाही, पॅसेंजर नाही, फाटक नाही. रात्री बारा ते सहा एकही गाडी सुटत नाही, ते सहा तास फक्त रूळ तपासायला. जुनी लाइन शेजारून वेगळी चालूच आहे.

आणि पाऊस! इथेही पाऊस मोजून गाडी थांबवतात. ठरलेल्या हद्दीपलीकडे मिलिमीटर गेले की संपलं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या वादळात तर ही लाइन काही दिवस बंद होती. मी नागोयाच्या स्थानकात जमिनीवर बसून रात्र काढली. कोणी तक्रार केली नाही, कारण का थांबवली ते दर थोड्या वेळाने नीट सांगत होते.

चुंबकावर तरंगणारी गाडी पण इथेच बनते आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला. तोक्यो–नागोया २८६ किलोमीटर चाळीस मिनिटांत करायचं ठरलं आहे. बहुतेक मार्ग बोगद्यांतून आहे. २०२७ ला सुरू व्हायची होती, आता ते शक्य नाही. शिझुओका नावाच्या प्रांताने बरीच वर्षं हरकत घेतली, कारण बोगद्यामुळे ओई नदीचं पाणी आटेल अशी त्यांना धास्ती होती. मी ही बातमी वाचली तेव्हा मला आपली म्हादई नदी आणि तिच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेला वादच आठवला. इतका पैसा, इतकं तंत्र असलेल्या देशालाही नदीशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रुळांवरचा_काका

मुग्धा बाय, तुझा जूनमधला पन्नास मिनिटांचा प्रसंग वाचला आणि बसून लिहायला घेतलं. मी पेडण्याचा. १९९३ साली कोकण रेल्वेच्या बांधकामावर लागलो, पुढे रूळ देखभालीत मुकादम, मग सुपरवायझर. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तू ज्या लाल दिव्याकडे बघत बसली होतीस, त्याच्या पलीकडे काय चालतं ते सांगतो, मग तुला गाडीचं उत्तर आपोआप मिळेल.

आपली लाइन एकेरी आहे. २०२१ साली रोहा ते वीर हे सेहेचाळीसेक किलोमीटर दुहेरी झाले, त्याच्या दक्षिणेला अजून बहुतेक सगळीकडे एकच रूळ. समोरून गाडी येत असेल तर तुझी गाडी स्टेशनात बाजूच्या लाइनीवर घ्यायची, समोरची जाऊ द्यायची, मग सोडायची. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. वेग कमी करणं, सांधा बदलणं, वाट बघणं, पुन्हा वेग धरणं, एका क्रॉसिंगमागे पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. एक गाडी मागे पडली की तिच्यापायी समोरच्या दोन मागे पडतात. वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. ती गाडी ताशी १६० ला धावेल अशी बनवली आहे. पण मुंबई–मडगाव सुमारे ५८० किलोमीटरला तिला पावणेआठ तास लागतात. भागाकार कर, ताशी ७५ च्या आसपास पडतात. गाडीत दम आहे, तिला वाट मोकळी मिळत नाही.

पावसाळ्यात तीच गाडी दहा तास घेते, आणि आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. लोक चिडतात, पण ते का आलं हे विसरतात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दरड आली आणि मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी तिच्यावर गेली. पन्नासच्या आसपास माणसं मेली. पुढच्याच जूनमध्ये आंबवलीच्या पुलाजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीच्या दगडाला धडकून खाली गेली. त्यानंतर वेग उतरवले गेले. जोराचा पाऊस असेल, समोरचं दिसत नसेल, तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा ड्रायव्हरला हुकूम असतो. वैभववाडी झाली त्या आठवड्यापासून मी एकाही पावसाळी रात्री सलग झोपलेलो नाही. अजूनही कौलांवर सर आली की जाग येते.

दरड कशी येते, हे डोळ्यांसमोर आण. आपल्याकडे वर जांभा दगड असतो, चाळणीसारखा भोकाभोकांचा. त्याच्याखाली शेडी, म्हणजे ती पांढरट-जांभळी चिकण माती, ओली झाली की साबण. पाऊस जांभ्यातून खाली उतरतो, शेडीवर येऊन अडतो, आणि वरचा अख्खा डोंगर त्या साबणावर बसलेला असतो. मालप्याच्या बाजूला, पेडण्याच्या बोगद्यात, सगळी मातीच माती. खडकात बोगदा मारणं सोपं, सुरुंग लावला की तो उभा तरी राहतो. इथे आम्ही खोदायचो आणि माती रात्रीत परत आत यायची. २६ जानेवारी १९९८ ला सगळी लाइन सुरू झाली, त्याआधी सर्वांत जास्त छळलं ते याच बोगद्याने. तो अजूनही मधूनमधून आठवण करून देतो. ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत पडली, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल वर आला, गाड्या लांबच्या वाटेने वळवाव्या लागल्या.

गस्तीवरची एक रात्र सांगतो. हातात तिरंगी टॉर्च, खांद्याच्या पिशवीत फटाके (धोका दिसला तर ते रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारतो), शिट्टी, आणि गस्तीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. त्या पुस्तकावर एका स्टेशनातून सही घेऊन दुसऱ्यापर्यंत चालत जायचं. पावसाच्या आवाजात दरड ऐकू येत नाही, म्हणून बघायचं पाण्याकडे. कटिंगच्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. भोकातून स्वच्छ पाणी धार धरून येत असेल तर डोंगर बरा आहे. लाल आलं तर थांबून बघायचं. आणि दुधासारखं पांढरट आलं, तर आत शेडी सुटायला लागली. तिथून पुढे विचार करायचा नाही, गाडी थांबवायची. एका रात्री मी असं पाणी बघून दोन्ही बाजूंना फटाके बांधले आणि एक्सप्रेस अडवली. तासाभराने ट्रकभर माती नाल्यात आली, रुळाला लागलीसुद्धा नाही. त्या तासात किती प्रवाशांनी आम्हाला शिव्या घातल्या असतील! पण तीच माती चार हात पुढे आली असती तर? तुझा लाल दिवा कदाचित असाच कोणीतरी लावलेला असेल, बाय.

आता बुलेट ट्रेन. आपल्या लाइनीचं वळण कमीत कमी १२५० मीटर त्रिज्येचं आहे, चढ दीडशे मीटरला एक मीटर. त्या काळी भारतात एवढी सरळ लाइन डोंगरात कोणी आखली नव्हती, ताशी १६० डोळ्यांसमोर ठेवूनच आखली होती. पण वेग दुप्पट केला की वळण चौपट मोठं लागतं. ३२० ला जायचं तर पाच किलोमीटर त्रिज्येचं वळण. म्हणजे आहे त्या रुळांवर ती गाडी कधीच येणार नाही, सगळी लाइन नव्याने काढायला हवी. मुंबई–अहमदाबाद ५०८ किलोमीटर, पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७, सुरुवातीचा अंदाज एक लाख आठ हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर, आणि ती बरीचशी सपाटीवरून जाते. तरी पहिला तुकडा सुरत–बिलिमोरा, त्याला २०२७ चा ऑगस्ट ठरवलाय. सह्याद्रीच्या पायथ्याने, खाड्या आणि शेडीतून हेच करायचं तर खर्च किती, वर्षं किती, तूच विचार कर. राष्ट्रीय रेल्वे योजनेत मुंबई–नागपूर आहे, मुंबई–हैदराबाद आहे. गोवा नाही. तुझ्या नोकरीच्या काळात ती गाडी येणार नाही, असं मी तुला स्पष्ट सांगतो.

मग काय येऊ शकतं? दुसरा रूळ. सगळा एकदम नको, जिथे क्रॉसिंगला गाड्या जास्त अडतात तिथून सुरुवात. आणि डोंगर बांधणं: जाळ्या, भिंती, पाण्याला वाट. आज सरासरी ७५ आहे, ती १०५ झाली तर मुंबई साडेपाच तासांवर येते. यासाठी जपानची गाडी नको, आहे तीच गाडी चालेल. हे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही म्हणून मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं. चाळीस लाखांची एक भिंत एका कटिंगचा पावसाळी वेग उठवते, हे मी स्वतः कागदावर मांडून दिलेलं आहे.

कुळेची_वनिता

काकांचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला. फक्त दुसऱ्या रुळाबद्दल एक सांगते. आमच्या बाजूला, कॅसलरॉक–कुळे घाटात दुसरा रूळ टाकायचा होता, मोले अभयारण्यातून. गावोगावच्या लोकांनी, विद्यार्थ्यांनी विरोध केला, रात्री मेणबत्त्या घेऊन चांदरच्या रुळांवर बसले होते लोक. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. मी त्या विरोधात होते आणि आजही आहे. तो रूळ कोळशासाठी होता अशी आमची खात्री होती. माणसांसाठी रूळ टाका, कटिंगच्या भिंती बांधा, मी पहिली येऊन पाठिंबा देईन. पण खाजन शेतांवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांवर, भराव टाकून नको, खांबांवरून न्या. नव्वदीत कोकण रेल्वेचा मार्ग ठरताना याच खाजनांवरून गोव्यात केवढं आंदोलन झालं होतं, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

रुळांवरचा_काका

वनिता, तुझं बरोबर आहे. त्या आंदोलनाच्या वेळी मी पलीकडच्या बाजूला उभा होतो, आमचं काम अडलं म्हणून राग होता. आज खाजनांतून जाताना बघतो, जिथे पाण्याला पुरेशी मोरी ठेवली तिथे शेत जिवंत आहे, जिथे कंजूषपणा केला तिथे बेडकाशिवाय काही नाही. माणसांसाठीच रूळ, हे मलाही पटतं.

मुग्धा_मांद्रे

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिणं मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते पेडण्याच्या बोगद्याजवळ तेव्हा चिरे पोचवायचे, म्हणाले की रात्रीसुद्धा तिथे माती काढायचं काम चालायचं.

मी हिशेब पुन्हा मांडला. रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटणाऱ्या गाडीत झोपले तर सकाळी गावात. दहा-अकरा तास लागतात खरे, पण झोपेतले. दोन दिवस ऑफिस लागोपाठ घेतले, जाताना रात्रीची गाडी, येताना रात्रीची गाडी, आणि आजारपणासारख्या अडचणीला मोप्याचं विमान. पावसाळ्याचे चार महिने साहेबांकडे महिन्याला एकच फेरी मागणार, त्यांना काकांचा शेडीचा परिच्छेदच दाखवणार आहे. बुलेट ट्रेनची वाट बघणं सोडलं. चिरे सांगितले, साडेतीन हजार.

काका, एक विचारायचं होतं. फुगलेली भिंत आहे ती डोंगराच्या बाजूची. घरामागे आठ-दहा फुटांवर जांभ्याचा उभा कडा आहे, खाली पांढरट माती दिसते. नवीन घर तिथेच धरलंय. चालेल ना?

रुळांवरचा_काका

थांब बाय, पायाची दोरी अजून मारू नकोस. पांढरट माती दिसते म्हणतेस तीच शेडी. भिंत म्हातारपणाने फुगलेली नसणार, मागून पाणी ढकलतंय तिला.

घर कड्यापासून निदान पंचवीस फूट पुढे आण, जागा असेल तर तीस. कड्याच्या माथ्यावर, काठापासून थोडं मागे, आडवा चर मारून पाणी दोन्ही बाजूंना काढून दे, कड्यावरून खाली येता कामा नये. पायथ्याला सुक्या दगडांचा गडगा घाल, सिमेंटने लिंपू नकोस. सिमेंटची भिंतच हवी असं गवंडी म्हणाला तर दर चार फुटांवर पाणी निघायला भोक, आणि भिंतीमागे खडी. भोकं मातीने बुजत नाहीत ना, ते दर मे महिन्यात बाबांना काठी घालून बघायला सांग.

रविवारी मी मांद्र्याला भाचीकडे येतोय. दहाच्या सुमारास घरी असाल तर कडा बघून जातो. तोवर पाऊस पडला तर कड्यातून कसलं पाणी येतं ते बाबांना बघायला सांग, आणि पांढरट आलं तर त्या रात्री मागच्या खोलीत कोणी झोपू नका.